दोन जहाजं, दोन जावा

बोरी अरबच्या बाजारात बबनराव आणि अमर या दोघा भावांचं कृषी केंद्र आहे. पुढे बियाणं, खत आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, मागे घर. घरात दोन जावा, थोरली कोकिळा आणि धाकटी उर्वशी. अठरा वर्षं एका चुलीवर काढली, पण दोघींचा आवाज कधी बाजारापर्यंत आला नाही. गावातल्या सासवा आपल्या सुनांना या दोघींचं उदाहरण देत. गावाला काय ठाऊक! आवाज बाहेर येत नाही म्हणजे आत काही शिजत नाही असं थोडंच असतं? कोकिळाच्या पोटात अठरा वर्षं शिजतच होतं, आणि मंद आचेवरचं जरा जास्तच मुरतं.

बियाण्याच्या धंद्यात एक रीत आहे. हंगामात ठरल्याइतका माल खपवला की कंपनी दुकानदाराला जोडीनं सहलीला धाडते. कुणी बँकॉकला जाऊन येतं, कुणी बालीला. ज्या माणसानं उमरखेडच्या पलीकडे कधी पाय टाकला नाही, तो एकदम समुद्रकिनाऱ्यावर फुलाफुलांचा शर्ट घालून फोटो काढतो, आणि तो फोटो पुढची पाच वर्षं दुकानात गल्ल्याच्या वर लटकतो. यंदा बबनरावांच्या दुकानानं दोन कंपन्यांचा माल खपवला आणि दोन्ही कंपन्यांनी सहल देऊ केली. दोन्हीकडे जहाजाचीच. बियाण्याच्या कंपनीचं 'ग्रँड ऑर्किड', ते सिंगापूरहून निघणार. औषधाच्या कंपनीचं 'समुद्रलक्ष्मी', ते मुंबईहून गोव्याला आणि तिथून लक्षद्वीपला.

दिवाळीनंतरच्या रविवारी संध्याकाळी जेवणं झाली आणि बबनरावांनी दोन्ही जहाजांची गुळगुळीत माहितीपत्रकं ताटांच्या जागी मांडली.

"जहाजं दोन, जोड्या दोन," ते म्हणाले. "कोन कोन्त्या जहाजानं जाईल ते तुमी दोघी ठरवा. आईचा नियम तं मालूमच आहे."

आई म्हणजे इंदूबाई. त्या जाऊन सहा वर्षं झाली, पण त्यांचा नियम अजून घरात हिंडत होता. घरात दोन वस्तू आल्या की मोठीनं आधी उचलायचं, धाकटीनं उरलेलं घ्यायचं, आणि कुणी कुणाच्या हाताकडे पाहायचं नाही. दिवाळीच्या साड्या असोत, अधिक महिन्यातली चांदीची निरांजनं असोत की घरातल्या खोल्या. नियमातल्या पहिल्या दोन गोष्टी बिनबोभाट पार पडत. तिसरी, हाताकडे न पाहण्याची, काही कोकिळाला जमत नसे.

तिचा दोष तरी काय म्हणावा! तिनं जांभळी साडी उचलावी, तर उरलेली पोपटी उर्वशीला अशी काही शोभावी की लग्नघरात बायांनी पदर हातात घेऊन विचारावं, कुठून घेतली. तिनं उजेडाची म्हणून पूर्वेची खोली घेतली, तर उन्हाळ्यात सगळा वारा पश्चिमेच्या खोलीत. आणि प्रत्येक वेळी उर्वशीनं उरलेली वस्तू छातीशी धरायची, गालाला खळी पाडायची आणि म्हणायचं, "मले हेच पाह्यजे होतं, ताई." ते वाक्य ऐकलं की कोकिळाच्या हातातली वस्तू तिथल्या तिथे जुनी होत असे.

त्यात परवान्याची भर. औषधं विकायची तर शेतकीची पदवी पाहिजे असा नियम आला, तेव्हा घरात पदवी निघाली एकट्या उर्वशीची. कोकिळा बारावी, तीही इंग्रजीत काठावर. मग औषधांचा परवाना उर्वशीच्या नावानं निघाला आणि काचेच्या चौकटीत, तिच्या फोटोसकट, दुकानात बियाण्याच्या परवान्याशेजारी लागला. धाकटी गल्ल्यावर बसू लागली. हरभऱ्यावर अळी आली की शेतकरी बबनरावांना सोडून "मॅडम कुठं आहे?" विचारू लागले. खुद्द बबनराव उठता बसता "उर्वशीले विचार" म्हणू लागले. नवऱ्याच्या तोंडी दिवसातून चाळीस वेळा जावेचं नाव, आणि भाजीत मीठ कमी पडलं तरच काय ते आपलं! कोकिळाच्या अंगाचा तिळपापड होई, पण तोंडावर हसू. थोरली ना ती.

तर त्या रविवारी तिनं दोन्ही पत्रकं उलटसुलट पाहिली. ग्रँड ऑर्किडवर पोहायचे तीन हौद, वर काचेचं छत, आणि मुख्य म्हणजे फॉरेन. समुद्रलक्ष्मीवर गुजराती थाळी, गरबा, खोलीला गॅलरी. यात विचार करण्यासारखं होतंच काय? तिनं सिंगापूरवर बोट ठेवलं.

"मी हे घेते."

उर्वशीनं उरलेलं पत्रक उचललं. गालाला खळी पडली. "मले हेच पाह्यजे होतं, ताई. मुंबईवालंच."

झालं. कोकिळाचं सिंगापूर तिथल्या तिथे बुडालं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती कामाला लागली. पहिला फोन अमरावतीला, इंजिनीअरिंगला असलेल्या निकिताला.

"निकिता, त्या मुंबईच्या जहाजात काय आहे वं असं?"

"आई, तू सिंगापूर घेतलं ना? मंग मुंबईचं कायले विचारून राह्यली?"

"काकूले तेच पाह्यजे होतं म्हने. बीएस्सी झालेली बाई, उगाच म्हनन का? तिनं काहीतरी वाचलं असन."

"तिले तेच उरलं होतं, आई!" पोरीनं कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनमधून आला.

पोरीनं लाख मोलाचं सांगितलं, पण मत्सराला कान कुठे असतात? दुपारी कोकिळा चहा द्यायच्या निमित्तानं दुकानात गेली. उर्वशी गल्ल्यावर मोबाइल पाहत होती. पडद्यावर समुद्रलक्ष्मीची गॅलरी, एक बाई कठड्याला टेकून चहा पितेय, खाली निळंशार पाणी. कोकिळा आली तसा उर्वशीनं मोबाइल पालथा ठेवला. आता जे जहाज वाट्याला आलं ते माणूस पाहणारच. पालथा ठेवला तोही गिऱ्हाईक समोर आलं म्हणून. पण कोकिळानं त्यातून काढायचा तो अर्थ काढला. चोरून पाहते, म्हणजे भारी असणार. घरी येऊन तिनं आपलं पत्रक पुन्हा उघडलं, तर ग्रँड ऑर्किडच्या खोलीला गॅलरी नव्हती. ताटलीएवढी गोल खिडकी. तिला वाटलं, आपण चार दिवस त्या ताटलीतून डोकावणार आणि ही बया गॅलरीत चहा पिणार.

दोन दिवस तिनं कढ काढला. मग बुधवारी बबनराव जेवायला बसले, तेव्हा पोळी वाढता वाढता म्हणाली, "आवो, मले मुंबईच्या जहाजानं जायचं आहे."

बबनरावांचा घास हातातच राहिला. "सिंगापूर सोडून? आवं, लोकं फॉरेनले जायासाठी नवस बोलतात!"

"बोलू द्या. मी जाईन तं त्याच जहाजानं. नाई तं घरीच राह्यते, तुमी जा एकटे."

"पन उर्वशीनं घेतलं ना ते."

"म्हनूनच तं!" हे तिच्या तोंडून निसटलं. मग तिनं सावरलं. "म्हनजे, तिले फॉरेनले जाऊ द्या. लहान आहे, हौस असते."

बबनरावांनी बायकोकडे असं पाहिलं, की जणू बाईला एकाएकी संतपद मिळालं. मोठीनं धाकटीसाठी सिंगापूर सोडलं! भोळा माणूस. दुकानात जाऊन त्यांनी हे अमरला, उर्वशीला आणि खत न्यायला आलेल्या चार जणांना कौतुकानं सांगितलं. लगेच दोन्ही सहली आखणाऱ्या नागपूरच्या ऑफिसला फोन करून नावंही कळवून टाकली.

आता कोकिळा कान टवकारून बसली. उर्वशी घरात येईल, पडलेल्या चेहऱ्यानं सिंगापूरचं पत्रक घेईल, आणि खोटं खोटं का होईना, म्हणेल, मले हेच पाह्यजे होतं. यावेळी ते खोटं असेल, आणि खोटं आहे हे आपल्याला ठाऊक असेल. एवढ्या सुखासाठीच तर तिनं सिंगापूर सोडलं होतं.

उर्वशी आली. पत्रक घेतलं. पण ते वाक्य काही म्हणाली नाही. तिनं कोकिळाकडे पाहिलं, डोळे भरून आल्यासारखे झाले, आणि एकदम वाकून थोरल्या जावेच्या पाया पडली. मग आत गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून गाणं ऐकू आलं. अठरा वर्षांत उर्वशी भाकरी थापताना गायलेली कोकिळानं ऐकली नव्हती.

पुढचे चार दिवस म्हणजे कोकिळाला नुसती भट्टी. उर्वशी दारव्ह्याला जाऊन आली, गॉगल घेऊन आली. उर्वशीनं मोठ्या काठाची टोपी घेतली. उर्वशी गल्ल्यावर बसल्या बसल्या अमरला सांगत होती, तिथं रस्त्यावर कागद टाकला तरी दंड होतो म्हणे. शेजारपाजारच्या बाया येऊन तिचं अभिनंदन करून गेल्या आणि जाता जाता कोकिळाला म्हणाल्या, "तुमचं मन मोठं, बाई!" मन मोठं! तिला वाटलं, या मनाला आता खाटेवर बांधून झोडपावं. बाई फसली होती. त्या बयेनं मुद्दाम खळी पाडून मुंबई मुंबई केलं, आणि आपण आपल्या हातानं फॉरेन तिच्या ओटीत घातलं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणारी बाई म्हणतात ती हीच. आणि पुन्हा तोंड उघडायची सोय नाही, कारण संतपद आड येत होतं.

सोमवारी दुपारी बबनरावांच्या मोबाइलवर तिकिटं आली. अमरनं वाचून दाखवायला घेतली आणि मध्येच थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग तो हसायला लागला, इतका, की त्याला पोत्यांच्या थप्पीला टेकावं लागलं.

समुद्रलक्ष्मी: उर्वशी आणि कोकिळा. ग्रँड ऑर्किड: बबनराव आणि अमर.

दोघे भाऊ सिंगापूरला चालले होते, आणि दोघी जावा एका खोलीत, लक्षद्वीपला.

बबनरावांनी घाईघाईनं नागपूरला फोन लावला. तिकडच्या मुलीनं न चिडता समजावून सांगितलं. ज्याच्या नावाचा परवाना, त्यालाच सहल. सोबत घरचं कुणीही एक माणूस. औषधांचा परवाना उर्वशीच्या नावाचा, तेव्हा मुंबईच्या जहाजावर उर्वशी जाणारच. बियाण्याचा बबनरावांच्या नावाचा, तेव्हा सिंगापूरला बबनराव. "मी तुम्हाला विचारलं होतं सर, उर्वशी मॅडमसोबत कोण? तुम्हीच कोकिळा म्हणालात. आणि तुमच्यासोबत कोण विचारलं तर अमर म्हणालात."

"मले वाटलं तुमी कागदापुरतं विचारून राह्यल्या. मुंबईच्या जहाजाले कोकिळा अन् सिंगापूरले अमर, एवढंच सांगतलं मी," बबनराव ओशाळून म्हणाले.

त्यांचंही खरंच होतं. त्या घरात कागदावरचं नाव म्हणजे कुणी माणूस असतं हे कधी कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. दुकान एक, चूल एक, मग उर्वशीच्या नावाची सहल कोकिळाला आणि बबनरावांच्या नावाची उर्वशीला, यात अडचण काय असणार? साड्या वाटाव्यात तशी त्यांनी जहाजं वाटली होती.

सोबतच्या माणसाचं नाव संध्याकाळी पाचपर्यंत बदलता येईल, असं ती मुलगी म्हणाली. म्हणजे वाट सरळ होती. बबनराव आणि कोकिळा सिंगापूरला, उर्वशी आणि अमर मुंबईच्या जहाजानं. पहिल्या रविवारी ठरलं होतं, अगदी तसंच.

कोकिळाच्या अंगावरून मोरपीस फिरलं. न मागता, संतपदाला धक्का न लावता, सिंगापूर पुन्हा पदरात! मनातल्या मनात तिनं इंदूबाईंना नमस्कारसुद्धा घातला. आता एकच गोष्ट ऐकायची राहिली होती. बबनराव आणि अमर जिनिंगवर कापसाच्या गाडीकडे गेले, आणि ती चहाचा कप घेऊन दुकानात गेली. उर्वशी गल्ल्यावर बसून होती. मोबाइल पाहत नव्हती, वहीही नाही.

"चाल," कोकिळा कप ठेवत म्हणाली, "तुले पाह्यजे होतं तेच आलं शेवटी वाट्याले. गॅलरीवालं."

उर्वशीनं गल्ला ओढून बंद केला. कोकिळाला राहवलं नाही. "म्हनलं, तुले तेच पाह्यजे होतं ना?"

"नाई," उर्वशी म्हणाली.

"आँ?"

"मले ते नव्हतं पाह्यजे, ताई. मले पोपटी साडीबी नव्हती पाह्यजे. ते जांभळी पाह्यजे होती. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी भट्टी होते, वारा काय चाटायचा आहे? मले कधीच उरलेलं नव्हतं पाह्यजे." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "नवीन होती तवा पह्यल्या दिवाळीले मी आत जाऊन रडली. सासूबाईनं पाह्यलं. म्हने, रडू नोको, हासून म्हन मले हेच पाह्यजे होतं, म्हनजे देनाऱ्याले वाईट वाटत नाई अन् घेनाऱ्याची लाज राह्यते. तवापासून म्हनून राह्यली मी. अठरा वर्षं."

कोकिळा गल्ल्याच्या अलीकडे उभीच राहिली. त्या खळीवर तिनं आयुष्याची अठरा वर्षं जाळली होती. हातात आलेलं प्रत्येक सुख त्या एका वाक्यानं तिनं स्वतःच नासवलं होतं. आणि आत काय निघालं, तर तिच्याचसारखी दुसऱ्याच्या हाताकडे पाहून जळणारी एक बाई. तिला उर्वशीची दया आली, हे खरं. पण त्याहून आधी राग आला. हे आधी सांगितलं असतं तर ती जांभळी साडी मी किती मजेनं नेसले असते!

"चार दिवस," उर्वशी म्हणाली, "चार दिवस मले वाटलं, तुमी माह्यासाठी सोडलं. म्हनून मी तुमच्या पाया पडली. मंग काल निकिताचा फोन आला. ते हासत होती. म्हने, काकू, आईले तुह्यावालं जहाज पाह्यजे होतं म्हनून तिनं सिंगापूर टाकलं."

कोकिळाला वाटलं, जमीन दुभंगावी. पोटच्या पोरीनं घर फोडलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. काहीतरी बोलायला हवं होतं. मोठं काहीतरी. तिनं धीर केला.

"असं कर उर्वशी. आज तू पह्यले निवड. आईचा नियम गेला चुलीत. तू म्हनशीन तसं."

"काय निवडू? भासऱ्यासंगं, तुमच्या नवऱ्यासंगं सिंगापूरले जाऊ?" उर्वशी हसली, पण खळी पडली नाही. "माह्यं नाव त्या कागदावर आहे, ताई. मले मुंबईलेच जायचं आहे. तुमी माह्या खोलीत या, नाई तं हे येतीन. अन् हे आलेले बरे. तुमच्यासंगं चार दिवस एका खोलीत मले खरं बोलावं लागन, अन् ते मले आता जमत नाई."

"मंग मी जाऊ सिंगापूरले?"

"जा ना. फोटो काढा, साडी घेऊन या, सगळं पाहून या." उर्वशीनं कप उचलला, चहा न पिताच बाजूला सरकवला. "फक्त एक मांगते. आजवर कधी काही मांगलं नाई. आल्यावर मले सांगू नका तिथं कसं होतं ते. फोटो दाखवू नका. मले विचारालेबी लावू नका. माह्याच्यानं पुन्हा ते वाक्य म्हनून होनार नाई."

कोकिळानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाही कळलं नाही. घड्याळात पावणेपाच झाले होते. तिनं बबनरावांना फोन लावला आणि सांगितलं, नावं बदला, पहिल्यासारखी करा. पलीकडून ते खूश होऊन काहीतरी म्हणाले. तिनं फोन ठेवला.

थोड्या वेळानं उकंडा, वाटेत जिनिंगवर बबनरावांना भेटून, दुकानाची पायरी चढला. चार एकर हरभरा पेरलेला माणूस, अळी पडलेलं एक झाड मुळासकट उपटून हातात घेऊन आला होता. झाड त्यानं उर्वशीसमोर ठेवलं आणि कोकिळाकडे वळून मोठ्यानं, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं, "काय वैनी, तुमी फॉरेनले जाऊन राह्यल्या म्हनतात! सिंगापूरले!"

याच प्रश्नासाठी तिनं अठरा वर्षं देव पाण्यात घातले होते. तोही भर बाजारात, आणि तोही उर्वशीच्या समोर. कोकिळानं तोंड उघडलं. शेजारी उर्वशी हरभऱ्याचं पान उलटं करून अळी पाहत होती. ती म्हणाली, "उकंडाभाऊ, सायंकाळी फवारा, उन्हात नोको," आणि औषधाची बाटली काढायला पाठ करून फळीकडे वळली.

"हो," कोकिळा म्हणाली. तो 'हो' इतका बारीक निघाला, की उकंडाला पुन्हा विचारावं लागलं.